राणीचा बेडूक जावई

सगुणाच्या झोपडीला छप्पर होतं, पण नावालाच. परकराला इतकी ठिगळं, की मूळ कापड कोणतं ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. मायलेकी राजवाड्याच्या बागेत झाडांना पाणी घालायच्या आणि अर्धपोटी निजायच्या. आणि तिकडे राजवाड्यात? तिकडे एक बेडूक पेढ्यांच्या राशीपुढे बसून उपाशी मरत होता! मला तर सांगतानाही संताप येतो.

त्याचं असं झालं. राणी मधुमालतीला मुलगी नव्हती, म्हणून जावईही नव्हता. पण जावयाचे लाड करायची हौस केवढी दांडगी! मग तिनं तळ्यातून नारळाएवढा मोठ्ठा, हिरवागार, सोनेरी डोळ्यांचा बेडूक आणवला आणि त्यालाच जावई केलं. रोज सकाळी त्याला सुगंधी तेल, मग उटणं, मग अत्तर. बसायला उन्हाच्या खिडकीत लालचुटूक मखमली गादी. अहो, बेडूक तो! तो कातडीनं पाणी पितो, कातडीनं श्वाससुद्धा घेतो. त्याला तेल चोपडायचं? आणि वर म्हणायचं, "जावईबापू रुसलेत, जेवत नाहीत." रुसलेत म्हणे!

एकदा खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना सगुणानं त्याला पाहिलं. डोळे मलूल, कूस धपापतेय.

"राणीसाहेब, याला पाण्यात सोडा ना. मरेल हो तो!"

"चल हो बाजूला! आमच्या जावयाला काय चिखलात बसवू?" राणी म्हणाली आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बागेत पळाली आणि कर्दळीपाशी थाडथाड पाय आपटत रडू लागली.

"अगं ए! माझं घर हलतंय!"

कर्दळीच्या केशरी फुलातून एक बोटाएवढी परी बाहेर आली. इवले इवले निळे-जांभळे पंख, त्यांवर चांदण्यांचा चुरा, आणि नाकाचा शेंडा रागानं लालेलाल. सगुणानं हुंदके देत सगळं सांगितलं, तशी परीच्या पंखांतून ठिणग्याच उडाल्या.

"तेल? बेडकाला? माग, इच्छा माग! पण एकच. आणि नियम ऐक. दुसऱ्यावर जे आणशील, ते तुझ्याही अंगावर येईल. त्यापेक्षा स्वतःसाठी घर मागितलंस, तर तेही देईन. मग मात्र बेडकाचं नाव काढायचं नाही."

सगुणाला खोकणारी आई आठवली. मग तिनं राजवाड्याच्या खिडकीकडे पाहिलं.

"नुसतं बरा कर म्हटलं, तर उद्या पुन्हा तेल लावतील," ती म्हणाली. "त्याला जे जे होतंय, ते राणीसाहेबांना होऊ दे!"

"तुलाही होईल, चिमणे."

"होऊ दे!"

लख्खकन उजेड पडला. तिकडे राणी किंचाळली, "जीव घुसमटतोय! तेल पुसा कुणीतरी!" दासी पुसू लागल्या, पण काय उपयोग? तेल होतं बेडकाच्या अंगावर! सगुणाचाही श्वास कोंडला होता. तशीच ती धडपडत आली, हात ओले केले, बेडकाला अलगद उचललं आणि स्वच्छ पाण्याची धार त्याच्यावर धरली. धुता धुता बेडकाला श्वास आला, तिला आला, राणीलाही आला.

"सावली हवी," राणी पुटपुटली. "ओली माती हवी."

सगुणानं त्याला सावलीतल्या मोठ्या कुंडीत ठेवलं. दासीनं पेढा पुढे केला, राणीला तो खायचा पदार्थच वाटेना. तेवढ्यात मातीत एक गांडूळ वळवळलं आणि अगं बाई, राणीसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं! चटकन जीभ बाहेर आली, बेडकाची हो, आणि गांडूळ गट्ट. राणीचंही पोट निवलं, मग जादू उतरली.

राणी जमिनीवर बसली. "मी त्याला मारत होते?"

"हो!" सगुणा म्हणाली. मुळीच हळू म्हणाली नाही, आणि का म्हणावं?

राणीनं त्याच दिवशी गर्द सावलीत एक ऐसपैस हौद बांधवला. अर्ध्यात भुसभुशीत ओली माती आणि पाचोळा, अर्ध्यात उथळ पाणी. ते रोज बदलायचं. खायला जिवंत किडे-गांडुळं, तीही बेतानं. थोड्याच दिवसांत जावईबापूंची कातडी पाचूसारखी झळकली आणि "डर्रांव!" असा आवाज आला, की दासीच्या हातातला तांब्या पडला.

राणी धावत आली. तिनं हात ओले केले, त्याला उचलायला वाकली. बेडूक मातीत अंग पुरून डोळे मिटत होता. राणीचे हात तिथेच थांबले. डोळ्यांत पाणी आलं.

"नको," ती म्हणाली. "निजू दे त्याला."

परी फुलातून बघत होती. ती भुर्रकन सगुणाच्या खांद्यावर आली. "चल, तुझं घर घे. लाल कौलांचं, उबदार, आणि आईला औषध."

"पण नियम..."

"नियम माझा, मी मोडीन! तू कोण विचारणारी?"

सोनेरी-हिरवा उजेड बागभर सांडला आणि परी त्यात विरघळून गेली. नुसता आवाज उरला, "आणि कुणी त्याला उठवलं, तर याद राखा!"