राजाच्या बसून राहिलेल्या मोहरा

मोहरगडच्या निळकंठराजांनी अनंतशेट सराफांच्या पेढीत हजार मोहरा ठेवल्या आणि त्यांच्यासोबत असा हुकूम दिला, की ऐकूनच शेटची पगडी सैल झाली.

प्रत्येक मोहरेवर राजांनी सोनाराकडून एक बारीक टिंब पाडून घेतलं होतं. "पुढच्या दसऱ्याला ह्याच मोहरा परत पाहिजेत," ते म्हणाले. "ह्याच. आणि वर शेकडा सहा व्याज."

"महाराज, व्याज हवं तर मोहरा फिरल्या पाहिजेत," शेट म्हणाले. "कुणी विणकर सुतासाठी नेईल, कुणी व्यापारी गुळासाठी नेईल. परत येतील त्या दुसऱ्याच असतील."

"लोकांनी हाताळलेल्या मोहरा मी घेत नाही."

"मग कुलपात ठेवतो. पण कुलपात व्याज धरत नाही."

दिवाण त्र्यंबकपंतांना पेढीतलं काही कळत नव्हतं. पण राजे बोलले की त्यांना जोडून बोलण्याचाच पगार मिळत होता. "महाराजांच्या मोहरांना व्याज धरत नाही म्हणजे काय? परवानगी कुणाची घेतली त्यांनी?"

"जमलं नाही तर पेढी सरकारजमा," राजे म्हणाले आणि एवढ्या विचाराने थकून पालखीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा कासारीण पेढीवर आली. दारोदार बांगड्या भरून तिने पै पै साठवली होती, ती सगळी इथेच होती. पेठेत एक गाळा मिळत होता, त्यासाठी तिला पैसे काढायचे होते. शेट कपाळाला हात लावून बसले होते.

"काय झालं शेट? घरात कुणी आजारी आहे का?"

शेटनी सगळं सांगितलं. "तुमचे पैसे आजच घेऊन जा, तुळसाबाई. दसऱ्यानंतर पेढी राजांची. तिथून कुणाला काही परत मिळालंय, असं मी तरी ऐकलेलं नाही."

"आणि बाकीच्यांचं काय?"

"सगळे एकदम आले तर कुणालाच पुरणार नाही. लोकांची ठेव मी पेटीत घालून बसत नाही, कर्जाने देतो. रोज मागायला येतील त्यांच्यापुरतंच हाताशी ठेवतो. पेढी अशीच चालते."

तुळसाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "मग मी आज पैसे उचलले तर दुपारी सगळी पेठ तुमच्या दारात उभी राहील. कासारणीच्या पोटात काही राहत नाही, हे गावाला ठाऊक आहे." तिने पेढीच्या दाराकडे पाहिलं. "शेट, राजाच्या मोहरा कुलपातच राहू द्या. पण ते कुलूप लोकांना दिसू द्या."

"त्याने काय होणार?"

"राणीसाहेबांनी माझ्याकडून एकदा हिरवा चुडा भरला. एकदाच, आणि पैसे अजून दिले नाहीत. पण त्या दिवसापासून हवालदारणीपासून तेलिणीपर्यंत सगळ्यांना तसाच चुडा हवा. राणीचा चुडा राणीच्याच हातात राहिला. माझं पोट भरलं ते बाकीच्या हातांनी."

शेटनी त्याच दिवशी लोहाराला बोलावलं. दाराजवळ गजांचा भक्कम पिंजरा उभा राहिला. त्यात राजांची पिशवी, तिच्यावर राजमुद्रा, आणि बाहेर भालेवाला पहारेकरी.

दिवाण तणतणत आले. "महाराजांचं धन असं चारचौघांत मांडलंत?"

"लपवायला ते चोरीचं आहे का, दिवाणजी?" तिथेच उभी असलेली तुळसा म्हणाली. ह्याला हो म्हणावं तर पंचाईत होती. दिवाण आल्या वाटेने गेले.

मग लोक येऊ लागले. राजा आपलं धन इथे ठेवतो म्हणजे पेढी पक्की, असं म्हणत कुणी चुलीखाली पुरलेलं आणलं, कुणी कणगीत लपवलेलं आणलं. ज्या राजाला पेठेत कुणी चार आणे उसने दिले नसते, त्याच्या पिशवीकडे बघून लोकांनी आयुष्याची शिल्लक शेटच्या हवाली केली. शेटनी हाताशी लागेल तेवढं ठेवून बाकीचं कर्जाने दिलं. कर्जदारांकडून व्याज आलं, त्यातून ठेवीदारांना त्यांचं व्याज गेलं, आणि तरीही बरंच उरलं.

दसऱ्याला शेट तुळसाला घेऊन दरबारात गेले. पिशवीची मुद्रा सगळ्यांसमोर फोडली. हजार मोहरा, हजार टिंबं. शेजारी शेटनी व्याजाच्या साठ मोहरा मांडल्या.

राजांचं तोंड कडू झालं. पेढी हातची जात होती. "हे व्याज माझ्या मोहरांचं नाही," ते म्हणाले. "त्या वर्षभर पिंजऱ्यात बसून होत्या. नुसतं बसून कुणी कमावतं का? ही लबाडी आहे. पेढी जमा करा."

"अगदी उघड लबाडी," दिवाण म्हणाले.

तुळसा पुढे झाली. "नुसतं बसून कुणी कमावतं का, हे महाराज विचारताहेत?"

मग ती बोटांवर मोजू लागली.

"नांगर शेतकरी धरतो, माग विणकर चालवतो, घाणा तेली फिरवतो. तुम्ही गादीवर बसलेले दिसता, म्हणून लोक बिनघोर कामं करतात आणि सारा तुमच्या खजिन्यात येतो. तुमच्या मोहरांनीही तेच केलं. त्या बसून दिसल्या, कामं दुसऱ्यांनी केली. त्यांची कमाई लबाडीची म्हणत असाल, तर यंदाचा सारा कुणाकुणाला परत करायचा तेही सांगा. मी दारोदार हिंडते, निरोप पोचवीन."

राजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण छताकडे पाहत होते. सारा परत करण्यापेक्षा हसणं पुष्कळच स्वस्त होतं. राजे आधी हसू लागले ते तेवढ्यासाठी. पण हसता हसता त्यांना ते खरंच पटलं असावं, कारण मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुकुट एका कानावर उतरला.

"पेढी शेटचीच," ते म्हणाले. "आणि ह्या साठ मोहरा ह्या बाईच्या."

तुळसाने मोहरा पदरात घेतल्या आणि तिथल्या तिथे शेटच्या ओंजळीत ओतल्या.

"तो गाळा अजून घ्यायचाच आहे, त्याचे पैसे ह्यातून काढून ठेवा, शेट. उरतील त्यांना मात्र राजासारखं बसवून ठेवू नका. कामाला लावा."