भिंतीकडे तोंड करून

सर्व्हरला टाइप करून कमांड द्यायची नाही, पडद्यावरची बटणंच दाबायची आणि का ते विचारायचं नाही, हा कॉलेजच्या संगणक विभागात घाटपांडे सरांचा नियम होता. सर रजेवर असताना निकालाचं पान बंद पडलं आणि नव्यानं लागलेल्या ओवी शेळकेनं तो नियम मोडला. कमांडची एक ओळ टाइप करून तिनं पान सुरू केलं. आता प्राचार्यांच्या खोलीत तिच्यापुढे माफीपत्र होतं. सही केली तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

"आधी एक करू," ओवी म्हणाली. "सर आणि मी भिंतीकडे तोंड करून बसतो. पान बंद करून पुन्हा सुरू कसं करायचं, ते तांबोळीकाकांना नुसतं तोंडी सांगायचं."

तांबोळीकाका ऑफिसची पत्रं टाइप करायचे. सर्व्हर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. ते येऊन संगणकापुढच्या खुर्चीत बसले.

"वर उजवीकडे सेटिंगचं चाक दिसतंय ना? ते दाबा," सर म्हणाले.

"दोन चाकं आहेत, सर."

"लहान हो, लहान."

"दोन्ही एकाच मापाची दिसतायत."

सर मागे वळू लागले. "वळायचं नाही ठरलंय," प्राचार्य म्हणाले.

मग ओवीनं एक ओळ अक्षर अक्षर सांगितली. काकांनी ती टाइप केली आणि पान बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

"सर, बटणं मीही वापरते," ओवी म्हणाली. "पण तुमचं चाक फक्त तुम्हालाच सापडतं. तुम्ही रजेवर गेलात की सर्व्हरनंही रजा टाकायची का?"

"सही कर," सर पुटपुटले.

"करणार नाही." तिनं कागद परत सरकवला.

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी कागदाकडे.