तळ्यात तरलेल्या सात विटा

भाविकहो, झिरीटोल्याचं तळं एवढं खोल होतं की त्यात पडलेली घागर तळाला टेकेपर्यंत गावात एक पंगत जेवून उठे. अशा त्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, डोमाजी महाराज त्या वर्षी मुक्कामाला होते. पाळीवर महादेवाचं देऊळ होतं. भिंती होत्या, पिंड होती, पण माथ्यावर शिखर नव्हतं. दोनदा चढवलं, दोनदा कोसळलं. पाळीची माती मऊ. वर विटांचं ओझं चढलं की भिंती खचत आणि उभ्या चिरत.

दोन्ही शिखरं लटारू मिस्त्रीनं बांधली होती. पंचक्रोशीत त्याच्यासारखा गवंडी नव्हता हे खरं, आणि ते तो स्वतःच सांगत फिरे हेही खरं. शिखर पडलं की तो म्हणे, "वीट माही पक्की आहे. भिंतीच नामर्द निघाल्या."

एके दिवशी महाराजांनी भागरता कुंभारणीला बोलावलं. ही विधवा बाई सासऱ्याच्या चाकावर मडकी घडवून पोट भरी. महाराज म्हणाले, "बाई, महादेवाले हलक्या विटा पाहिजे."

"हलकी कशी करू जी? माती तर जडच राह्यते."

"धान कांडल्यावर उखळापाशी काय उरते?"

"कोंडा."

"तो घाल मातीत."

"किती घालू?"

"माती पुरे म्हणे तोवर."

भागरतानं घरोघरच्या उखळांपाशी जाऊन टोपल्या भरल्या. चिखल तुडवायला महाराज स्वतः उतरले. गुडघाभर चिखलात टाळी वाजवत, भजन म्हणत त्यांनी असा काही ठेका धरला की पाहायला शेजारच्या तीन गावांतली कुत्रीसुद्धा आली आणि रांगेत बसली. विटा थापल्या, वाळल्या, भट्टी लागली. आणि काय सांगावं, विटांच्या पोटातला कोंडाच पेटला! तीन दिवस भट्टी आतून फुललेली. लाकूड निम्मं उरलं.

भट्टी उघडल्यावर भागरतानं नेहमीच्या जोरानं एक वीट उचलली, ती थेट तिच्या कपाळावर आदळली. एवढी हलकी! कपाळ चोळत ती हसत सुटली.

लटारू मिस्त्री मात्र वीट उन्हात धरून तिची बारीक भोकं पाहत राहिला. "काय व भागरता, विटा भाजल्या का अनारसे तळले? देवाच्या डोक्यावर अनारसे रचता का?"

लोक हसले. मिस्त्रीला चेव आला. "आपल्या गावची रीत आहे. वीट रातभर खोल पाण्यात ठेवायची. सकाळी जाळं टाकून काढायची. अख्खी निघाली तर खरी. हिच्या विटा विरल्या तर हिचं चाक याच तळ्यात टाकायचं. पुन्हा मातीले हात लावायचा नाही."

"आन् टिकल्या तर?" भागरतानं विचारलं.

"तर तुही वीट डोक्यावर घेऊन तुह्या दारी येईन."

त्या चाकावर हात ठेवूनच सासऱ्यानं प्राण सोडला होता. भागरतानं महाराजांकडे पाहिलं. महाराज फुटाणे खात होते. म्हणाले, "चाक आणून ठेव पाळीवर."

तळ्यात मासे धरणाऱ्या सोनबा ढिवराचा डोंगा आला. "ही बाई काठालेच टाकून येईल," म्हणत मिस्त्री स्वतः चढला. तुलनेला घेतलेल्या त्याच्या सात विटा सुट्या. भागरताच्या सात महाराजांनी आपल्या उपरण्यात बांधून दिल्या.

"गाठोडं कायले जी?"

"सुट्या विटा भांडतात."

डोंगा मधोमध गेला. आता, कोरलेल्या लाकडाच्या डोंग्यात उभं राहू नये, हे झिरीटोल्यात रांगतं पोरही जाणे. पण मिस्त्रीचा जन्म भिंतीच्या माथ्यावर गेलेला; तो बेधडक उभा राहिला. दोन्ही हातांनी आपली वीट डोक्यावर धरून ओरडला, "पाहा रे, याले म्हणतात वीट!"

डोंगा पालथा. मिस्त्रीच्या सातही विटा बुडबुडा न काढता तळाला गेल्या, आणि त्यांच्यामागे मिस्त्री निघाला. सोनबा पालथ्या डोंग्याला धरून राहिला. पण वारा काठाकडून सुटलेला, त्यानं सोनबा डोंग्यासकट पलीकडच्या काठाला जाऊन लागला.

भागरताला गाठोडं दिसेना. गेलं चाक, तिच्या मनात आलं. तेवढ्यात पाण्यातून उपरण्याचं टोक वर आलं, मग अख्खं गाठोडं, बदकासारखं डुलत! चाक, पैज सगळं विसरून ती कमरेइतक्या पाण्यात धावली. "मिस्त्री, गाठोडं धरा! बुडत नाही ते! मी उचललं आहे, मले ठाव आहे!"

वर आलेल्या मिस्त्रीनं गाठोड्याला मिठी मारली. पण वारा त्यालाही आत ओढू लागला. तेव्हा महाराज उठले आणि चिखल तुडवतानाचं तेच भजन, तोच ठेका त्यांनी पाळीवर धरला. टाळी पडली, गाठोडं हातभर अलीकडे आलं. दुसरी टाळी, आणखी हातभर. सारं गाव टाळ्या पिटू लागलं आणि भर वाऱ्याच्या उलट सात विटा मिस्त्रीला घेऊन काठाला लागल्या. त्याच्या पोटातून एवढं पाणी निघालं की तळं दोन बोटं चढलं.

तो पायांवर पडू लागला, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "कोंडा जळला, आत जागा झाली, म्हणून त्या तरल्या. तू तर पुरा भरलेला, मिस्त्री."

मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "हरलो जी. विटा काढा बाहेर."

"नाही," भागरता म्हणाली. "रातभर ठेवायचं ठरलं व्हतं." आणि तिनं गाठोडं खुंटीला बांधून पाण्यातच ठेवलं. बुडेना, म्हणून वर दगड ठेवावा लागला.

सकाळी सातही विटा कोरही न झडता निघाल्या. मिस्त्री त्यांतली एक डोक्यावर घेऊन भर वस्तीतून कुंभारवाड्यात आला. दाराशी चाक परत आपल्या जागी बसलं होतं. त्याच्यापुढे तो एवढा वाकला की डोक्यावर वीट आहे, हेच विसरला. वीट घसरली आणि भागरतानं ती एका हातानं झेलली.

"उठा जी मिस्त्री," ती म्हणाली, "शिखराले पहिली हीच लावा."