बोर्ड ओळख दाखवेना

“खाच जुळते, रॅम जुळते, वीज पुरते... मग पडदा काळा का, महाराज?”

शार्दूलचा आवाज चढला होता. पंखे गरगर फिरत होते. पडद्यावर मात्र काही नाही.

भैरवगिरी महाराजांच्या त्या डोंगरमाथ्यावरच्या मठात खालच्या वाड्यांच्या शाळांसाठी संगणक जोडले जात. शिष्यांच्या कपाळाला भस्म आणि बोटांना प्रोसेसरवर लावायची करडी पेस्ट. महाराज तर रॅमची पट्टी नुसती कानाशी धरून तिचा वेग सांगत. मी स्वतः ऐकलंय... म्हणजे महाराजांना, पट्टीला नव्हे.

मठाचा नियम एकच. सुटे भाग स्वतः निवडायचे, स्वतः जोडायचे. पडदा उजळला, की डोंगर उतरून स्वतःचं दुकान मांडायला मोकळे.

शार्दूलची तीन वर्षं झाली होती. सगळ्यांचा निरोप त्याने सकाळीच घेऊन टाकला होता. गोठ्यातल्या गायीचासुद्धा.

महाराज यंत्राजवळ आले. वाकले नाहीत.

“मदरबोर्ड कधीचा?”

“दोन वर्षांपूर्वीचा.”

“आणि प्रोसेसर?”

“गेल्याच महिन्यात बाजारात आलाय. याच्याइतका वेगवान मठात आजवर आला नसेल!”

“म्हणजे बोर्ड घडला तेव्हा हा जन्मलाच नव्हता.”

“पण महाराज, दोघं जुळतात! कंपनीच्या यादीत तसं लिहिलंय. मी तीनदा वाचलं.”

“तू वाचलंस... बोर्डाने वाचलं का?”



महाराजांनी वीज तोडायला लावली. मग कमरेची पिशवी सोडून एक जुना प्रोसेसर काढला. कडा काळवंडलेल्या, वरचं नाव पुसट.

शार्दूलला हसू आवरेना. “हा? याला साधं चित्र उघडायला जेवणाची सुट्टी लागेल.”

“बसव.”

त्याने नवा उचलला. जुना खाचेत ठेवला. जोर लावावा लागला नाही, तो आपल्याच वजनाने बसला. वर पंखा चढवून शार्दूलने कळ दाबली.

पडदा उजळला.

शार्दूलचं हसू जागच्या जागी थिजलं.

महाराजांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. “यात त्या यादीतली सगळी नावं आहेत. आता हा म्हातारा प्रोसेसर बोर्डाला ती शिकवील. मध्येच वीज गेली, तर बोर्ड कायमचा मुका.”

बाहेर आभाळ भरून आलेलं. सौर पॅनेल थंड. बॅटरी शेवटाला आलेली.

“पंप बंद करा,” महाराज म्हणाले. “दिवे बंद. माझा पंखाही बंद.”

दहा टक्के... वीस... पडद्यावर आकडे सरकत होते. मठभर तेवढाच एक उजेड. कुणी खोकलं नाही. गायीने रवंथ थांबवला, असं म्हणतात, आणि त्या वेळी तिच्याकडे पाहायला मला तरी सवड नव्हती.

एकाहत्तरावर आकडा अडला.

शार्दूलने हात जोडले. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

बहात्तर...

शंभर झाले तेव्हा सगळ्यांचा श्वास एकदम सुटला, आणि दारातला पडदा हलला.

महाराजांनी जुना काढायला सांगितला. शार्दूलने या वेळी तो दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या जागी नवा बसवला. मग कळ दाबली.

पडदा उजळला. पहिल्याच ओळीत बोर्डाने नव्या प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहिलं, जन्मापासून ओळखत असल्यासारखं.

शार्दूलने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“महाराज... मी नापास. पडदा या जुन्याने उजळवला, मी नाही. मला इथेच राहू द्या.”

“नाही. तू आजच उतर.”

“पण...”

महाराजांनी जुना प्रोसेसर पंच्याने पुसला आणि शार्दूलच्या तळहातावर ठेवला.

“हा मला? दुकानात मी याचं काय करू, महाराज?”

“तुझ्याहून वेगवान कुणीतरी दारात येईल, शार्दूला... त्या दिवशी लागेल.”