नऊ निघाले

“कुणी माझं खरं मानलं नाही, बाबा. नवऱ्यानं नाही, लेकानं नाही. डॉक्टरनं पोरीला जंताची गोळी दिली. आता तुम्हीपण हसून घ्या, म्हणजे मी पुढचं सांगते.”

एवढं बोलून आक्काताई विजापुरे मठाच्या पडवीत फतकल मारून बसली. भर दुपार होती. तिनं पदराचं टोक पाच वर्षांच्या नातीच्या मनगटाला बांधलं होतं. करडू बांधावं तसं. गाठ पक्की होती.

बसाप्पा हसला नाही.

तो हेळवी. बैलावर बसून गावोगाव फिरायचं, दारात उभं राहून त्या घराच्या पिढ्या तोंडपाठ म्हणायच्या आणि सूपभर जोंधळा घ्यायचा, हा त्यांचा धंदा. आता त्याचा बैल गेला होता, गुडघे गेले होते. वह्या उरल्या होत्या. नव्वदीच्या त्या म्हाताऱ्याला लोक गुरूसारखं मानत आणि त्याच्या एका शब्दासाठी तासभर बसून राहत.

आक्काताई बसून राहणाऱ्यातली नव्हती.

“काय होतंय पोरीला?” त्यानं विचारलं.

“रोज बारा वाजले की उठती आणि चालायला लागती. उगवतीकडं. हाक मारली तर वळत नाही. परवा डांबरी रस्त्यावर गेली, ट्रक चार हातांवर थांबला. ड्रायव्हरनं मलाच शिव्या घातल्या. आणि तोंडानं एकच... नीरु बेकु, नीरु बेकु.”

“पाणी पाहिजे म्हणती.”

“आमच्या घरात चार पिढ्या कुणाला कानडीचं अक्षर येत नाही. हिला कुणी शिकवलं?”

बसाप्पानं पोरीकडं पाहिलं. पोर उगवतीकडं पाहत होती.

आक्काताईनं पिशवीतून एक पुस्तक काढलं.

“चौथी शिकलीय मी. पण आमच्या घरातल्या बीएवाल्यांना जमलं नाही ते मी केलंय. हे बघा. आमच्या मूळ गावचं, हिरेकट्टीचं पुस्तक. देवळावर कळस चढवला तेव्हा तिथल्या मास्तरनं छापलेलं. एस्टीच्या कानडी कंडक्टरला धरून बसवला आणि वाचून घेतलं. त्यात काय लिहिलंय? मोठ्या दुष्काळात मल्लाप्पाच्या घरची नऊ माणसं गाव सोडून मावळतीकडं गेली. नऊ! आणि तुमच्या वहीत?”

बसाप्पानं वही उघडली. बोट न फिरवता म्हणाला, “मल्लाप्पा. त्याची म्हातारी आई. त्याची बायको. दोन भाऊ, तीन मुलगे. आठ पोचले.”

“तर मग! एक वाटेत राहिली. पोरगीच असणार. जड झाली, तहानेनं रडायला लागली, दिली टाकून झाडाखाली. तीच आता माझ्या नातीला बोलावती.” आक्काताईचा आवाज चढला. “मला फक्त नाव सांगा, कुणी टाकली? मल्लाप्पा का त्याची बायको? दोघांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात आहेत. रोज हळदकुंकू घेतात मेले. आज संध्याकाळी ओढ्यात फेकते.”

“फेकलेस, तर पोर थांबंल?”

आक्काताईनं नातीच्या मनगटावरची गाठ आणखी आवळली.

“तूपण पिढ्या लिहितीस म्हणं. तुझी वही दाव.”

ती तिनं पिशवीत राखून ठेवली होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पट्टीनं रेघा मारलेल्या, लाल पेनानं नावं. तीन वर्षं तिनं त्यात घातली होती. भावकीतल्या मयतालासुद्धा ती वही घेऊन जायची.

“सात पिढ्या आहेत,” ती म्हणाली. “एक चूक काढून दाखवा.”

“नात दाव यात.”

आक्काताईनं शेवटचं पान काढलं. नवरा. त्याच्याखाली दोन लेक. थोरल्याखाली अथर्व, नातू. त्याच्याशेजारी...

तिनं पान उलटून पाहिलं.

“पोरी नसतात लिहीत, बाबा. तुम्हाला सांगायला पाहिजे व्हय? लग्न होऊन जातात. त्यांचं नाव तिथं लागतं.”

“तुझं कुठं लागलंय?”

तिची नजर नवऱ्याच्या नावाशेजारी गेली. तिथं रेघ होती. नुसतीच.

पडवीतला वारा पडला होता. पिंपळाचं एक पान हलत नव्हतं. आक्काताईला एकाएकी पदर हलका वाटला.

तिनं खाली पाहिलं. गाठ होती तशीच होती. घट्ट. तिच्यात मनगट नव्हतं.

पोर पिंपळाच्या पलीकडं पोचली होती. चालत होती. धुळीत तिच्या बारक्या पावलांचे ठसे उमटत होते... आणि त्यांच्या शेजारून, हातभर अंतरानं, दुसरे. तेवढेच बारके. तिथं कुणी चालत नव्हतं.

आक्काताई किंचाळून उठली. बसाप्पानं तिचं मनगट धरलं आणि मुठीत पेन कोंबलं.

“मागं पळून किती दिवस परत आणशील?”

“सोड, मेल्या म्हाताऱ्या! पोर गेली माझी!”

“लिही.”

त्यानं सोडलं नाही. त्या वाळक्या हातात एवढा जोर कुठला, कुणास ठाऊक. आक्काताईनं गुडघ्यावर वही आपटली आणि अथर्वच्या शेजारी पोरीचं नाव लिहिलं. कृ... ति... पेन कागदात रुतलं, कागद फाटला. का.

पोर थांबली.

वळली. दोन्ही पाय आलटून पालटून उचलायला लागली.

“आज्जी, पाय भाजत्यात!”

आक्काताईनं धावत जाऊन तिला उचलली, पडवीत आणली, तळवे छातीशी धरले. पोरीनं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि भेळ मागितली.

बसाप्पा धुळीकडं पाहत होता.

“भीती मोडली तुझी?”

“एकीची मोडली.” आक्काताईनंही तिकडं पाहिलं. “दुसरी कोण, ते सांगा. मल्लाप्पानं टाकली ना तिला?”

“मल्लाप्पानं तिला खांद्यावर आणली. नऊ निघाले. नऊ पोचले.”

“पोचली? मग तुमच्या वहीत आठच कसे?”

“जुन्या वहीत नऊ होते. ती वाळवीनं खाल्ली. साठ वर्षांमागं ही नवी उतरून काढली. कागद महाग... मुलगे तेवढे घेतले.”

“आणि तिचं नाव?”

म्हाताऱ्यानं आपल्या वहीचं ते पान काढलं. पेन टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

“रोज दुपारी आठवून बघतोय. येत नाही,” तो म्हणाला.

धुळीतले दुसरे ठसे वळले होते. एकेक पाऊल उमटत ते मठाकडं येत होते. पिंपळापाशी. मग अंगणात. मग पायरीखाली येऊन थांबले.

आक्काताईनं नातीला आणखी घट्ट धरलं. पण ती मूळची हट्टी. उठली नाही.

“चांगली पोचलेली पोर,” ती दातओठ खात म्हणाली. “तिला परत वाटेवर सोडली कुणी? नाव घेतल्याबिगर मी हलायची नाही, बाबा. मल्लाप्पाचा टाक मी फेकणार होते. सांगा. कुणी?”

बसाप्पानं पेन खाली ठेवलं. पायरीकडं पाहून हात जोडले.

“हेळवी बसाप्पा.”