तांबट आळीचे तांबट

नगरपरिषदेचं सभागृह खच्चून भरलं होतं. नगराध्यक्ष बापूसाहेब ऐटीत म्हणाले, "तांबट आळी ही शहराची शान! ती पर्यटकांसाठी जपायची, म्हणून तिथं भांडी ठोकणाऱ्यांना गावाबाहेर घरं देण्याचा ठराव मांडतो."

श्रोत्यांत इंदुमती करडे बसली होती. तिचं सासर त्याच आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडवत आलं होतं. ती ताडकन उठली.

"साहेब, आळीचं नाव काय ठेवणार?"

"तांबट आळीच! नाव बदलून कसं चालेल?"

"मग पर्यटकांनी विचारलं, इथले तांबट कुठं आहेत, तर हातोडा घेऊन तुम्ही बसाल ना?"

हशा आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. बापूसाहेबांनी आपल्या मऊ हातांकडे पाहिलं आणि ठराव मागे घेतला. इंदुमती पदर खोचून आळीकडे पळत सुटली. घर राहिलं, हे सासऱ्यांना तिलाच सर्वांआधी सांगायचं होतं.