उजवा कौल

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा सह्याद्रीची शिखरे आजच्याहून उंच होती आणि ऋषींचे राग त्या शिखरांहून उंच होते, तेव्हा त्या पर्वताच्या पायथ्याशी आर्चिष नावाचे महातपस्वी राहत असत. आपल्या मुखातला शब्द कधीही खोटा ठरू नये, हा एकच वर जलाधिपती वरुणाकडे मागत त्यांनी देह झिजवला होता. त्यांची मातृहीन कन्या नीवारा मात्र आश्रमात थांबत नसे. समिधांच्या निमित्ताने ती कडे चढे, ढगांत दडलेल्या बिननावाच्या तळ्यांपाशी जाई आणि कातळावर उमललेल्या रानफुलांची जिवलगांसारखी विचारपूस करून येई.

व्रताची सांगता आली. कलशावर ठेवलेले फूल उजवीकडे गळले तर देवाचा होकार, डावीकडे गळले तर नकार, असा तिथला कौल होता.

"वत्से, आजवर कोणी देवाला वाहिले नाही असे फूल आण," मुनी म्हणाले.

नीवारा सर्वांत वरच्या तळ्यावर गेली. तिथे शुभ्र, अनोळखी फुले डोलत होती. हुंगलेले फूल देवाला चालत नाही, हे तिला ठाऊक होते. पण नवे फूल भेटावे आणि त्याचा वास घेऊ नये, हे त्या वेडीला जमले नाही.

कलशावर फूल ठेवून मुनींनी मंत्र संपवला. आनंदाच्या भरात ती बोलून गेली, "तात, याला मधाचा गंध आहे!"

"तुला कसे कळले?"

"हुंगून पाहिले."

त्याच क्षणी फूल गळले. मुनी ताडकन उठले.

"पापिणी! माझ्या तपाची माती केलीस! जिथे हे उष्टे केलेस तिथेच फूल होऊन रुज! तुला आणि त्या फुलाच्या अखिल कुळाला यापुढे गंध राहणार नाही!"

"नको, तात! पुन्हा कधी डोंगरावर जाणार नाही, पण मला—"

पुढचे शब्द आलेच नाहीत. भूमीवर तिचे वल्कल तेवढे उरले.

तोच कलशातून वरुण प्रकटला. "मुने, प्रसन्न आहे. वर दिला."

"पण फूल तर गळले!"

"कोणत्या बाजूला, ते पाहिलेस?"

मुनींनी तेव्हा कुठे पाहिले. फूल कलशाच्या उजवीकडे पडले होते.

"माझ्या तळ्यांवर माया करणारी ती एकटीच होती," वरुण म्हणाला. "तिच्या आनंदासकट ते फूल मला पोचले."

"भगवन्, माझी मुलगी परत द्या!"

"कौल डावा असता तर तुझा शाप हवेत विरला असता. आता ती परतली तर तुझा शब्द खोटा ठरेल. आणि तो खोटा ठरू नये, हेच तू मागितलेस." एवढे बोलून देव निघून गेला. देवांना असल्या बाबतीत घाई फार.

आर्चिष मुनी जन्मात प्रथमच ते कडे चढले. तळ्याकाठी सगळा कातळ पांढऱ्या फुलांनी भरला होता. ते एकेका फुलापाशी वाकले, हुंगत राहिले, आणि त्यांतली आपली नीवारा कोणती हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

आजही भाद्रपदात ती फुले तळ्याकाठी उमलतात. वर चढून आलेला प्रत्येक जण वाकून त्यांचा वास घेतो, आणि त्याला कसलाच गंध येत नाही.